रोजची बावीस मिनिटं

अण्णांच्या आयुष्यातली शेवटची नऊ वर्षं रोज बावीस मिनिटांची होती. दिवस त्यांचाही पूर्ण असे. दाढी, चहा, आईशी वाद, फाटकापर्यंत फेरी, सगळं त्यात असे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली बावीस मिनिटंच शिल्लक राहत, आणि ती कुठली राहावीत हे ते स्वतः ठरवत. तेवढ्यावर त्यांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी इंजिनिअरिंगची पदवी घेतली.

अण्णा म्हणजे माझे वडील, सर्जेराव दादू लोहार. राधानगरीच्या जंगलपट्ट्यात वीज कंपनीत लाइनमन होते. आयटीआय करून लागले, नोकरी करता करता डिप्लोमा केला, आणि शेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या डोक्यात पदवीचं आलं. आईनं विचारलं, "आता ह्या वयात कशाला?" तर म्हणाले, "लाइन कागदावर काढणारा वेगळा आणि वर चढणारा वेगळा. मला दोन्ही व्हायचंय." थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचा फॉर्म त्यांनी आणून ठेवला होता.

लाइनमनच्या कामात एक रीत आहे. ती आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तारेला हात लावण्याआधी उपकेंद्रातल्या ऑपरेटरकडून परमिट घ्यायचं असतं. ऑपरेटर फोनवर सांगतो की अमुक लाइन, अमुक खांबापासून अमुक खांबापर्यंत, इतक्या वाजता बंद केली आहे. लाइनमननं ते जसंच्या तसं परत म्हणायचं. ऑपरेटर "बरोबर" म्हणाला की मग रजिस्टरात नोंद होते आणि मगच शिडी लागते. काम झालं की परमिट परत करायचं, आणि ते ज्यानं घेतलं त्यानंच करायचं. त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणी नाही, साहेब असला तरी नाही. वर कोण आहे आणि खाली आला की नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

एप्रिलमधल्या एका वादळात झाड पडून तार तुटली. अण्णांनी परमिट घेतलं, परत म्हणून दाखवलं, ऑपरेटर "बरोबर" म्हणाला. लाइन खरंच बंद होती. पण वाडीतल्या एका घराच्या छतावर सोलर पॅनेल होते. बाहेरची वीज गेली की अशा यंत्रणेनं आपणहून तारेपासून सुटं व्हायचं असतं. त्या घरातला इन्व्हर्टर सुटा झाला नाही. घरातली वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरली, तिथं तिचा दाब कित्येक पटींनी वाढला आणि ती वरच्या तारेत आली. अशी चुकून आलेली वीज जमिनीत जावी म्हणून तारेला दोन्ही बाजूंना अर्थिंग लावायचं असतं. अण्णांनी ते एकाच बाजूला लावलं होतं. दुसऱ्या बाजूचं राहिलं होतं. चौकशीच्या कागदांत हे लिहिलेलं आहे, आणि अण्णा ते प्रत्येकाला सांगत, कुणी विचारलं नाही तरी.

डाव्या हाताची दोन बोटं गेली. हृदय साडेसात मिनिटं बंद होतं. सोबतच्या लाइनमननी छाती दाबत ठेवली म्हणून ते परत आले.

मेंदूत कानशिलांच्या आत, दोन्हीकडे एकेक, समुद्रघोड्यासारखा दिसणारा एक लहानसा भाग असतो. दिवसभर आपण जे पाहतो, ऐकतो, ते आधी तिथं येतं, आणि तिथून कायमच्या आठवणीत जातं. जुन्या आठवणी तिथं नसतात, त्या मेंदूभर पसरलेल्या असतात. तो भाग म्हणजे फक्त आत जायची वाट. प्राणवायू तुटला की सगळ्यात आधी तो मरतो. अण्णांचा तोच गेला. त्यामुळे लहानपण, लग्न, डिप्लोमाची सूत्रं, प्रत्येक खांबाचा नंबर, सगळं त्यांच्याजवळ शाबूत होतं. नवीन मात्र काही टिकत नव्हतं. पाच-सात मिनिटं झाली की पाटी कोरी.

अपघाताआधीची त्यांची शेवटची ठाम आठवण त्या फॉर्मची होती. त्यामुळे दवाखान्यातून घरी आल्यावर ते दिवसातून तीस-चाळीस वेळा एकच विचारत. "कॉलेजचा फॉर्म भरला का ग?"

"भरायचाय," आई म्हणे.

दोन वर्षं तिनं हे उत्तर दिलं. एकदाही वैतागलेल्या आवाजात दिलं नाही. इतर बाबतींत ती बरीच वैतागे.

मग मिरजेच्या डॉ. नसरीन मुल्लांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्याकडे एका उपकरणाच्या चाचण्या चालू होत्या. दवाखान्यात त्याला सगळे "दुवा" म्हणत. त्या बुजलेल्या वाटेच्या दोन्ही टोकांना केसाहून बारीक तारा बसवायच्या. आत येणाऱ्या संदेशांचा नमुना अलीकडच्या तारांनी टिपायचा, निरोगी मेंदूनं त्याचं पलीकडे काय केलं असतं हे यंत्रानं काढायचं, आणि तसा नमुना पलीकडच्या तारांतून मेंदूला द्यायचा. पुढचं काम झोपेत मेंदू स्वतः करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आठवण इतर कुठल्याही आठवणीसारखीच असते.

"मग दिवसभराचं का नाही देत?" मी विचारलं.

"पलीकडे दिलेली प्रत्येक ठिणगी पेशींना थकवते," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "यांच्या मेंदूला दिवसाला बावीस मिनिटं झेपतील. त्याच्यापुढे फिट येण्याची भीती."

यंत्र दिवसभराचे नमुने धरून ठेवी. संध्याकाळी टॅबलेटवर वेळ घालून त्यातला हवा तो भाग निवडायचा. मग पेशंटचा अंगठा, घरच्या एका जबाबदार माणसाचा अंगठा, आणि बावीस मिनिटं डोळे मिटून बसायचं. बाकीचं सकाळपर्यंत पुसलं जाई. घरचं जबाबदार माणूस म्हणून माझा अंगठा नोंदवला, आणि मी नसेन तेव्हासाठी आईचा. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, मराठीत एम. ए. झाले होते आणि नोकरी शोधत होते.

यातली अडचण अण्णांच्याच लक्षात आली. संध्याकाळी निवडायला बसेपर्यंत सकाळचं त्यांना काही आठवत नसे. मग ते कशातून निवडणार? त्यांनी कंपनीची एक जुनी लॉगबुक मागवली आणि दिवसभर वेळ घालून नोंदी करायला लागले. संध्याकाळी ती वही वाचून ते ठरवत. स्वतःच्याच अक्षरावर विश्वास ठेवून, न आठवणाऱ्या गोष्टीपुढे टिक करत.

दवाखान्यातले इतर पेशंट मुलांचे वाढदिवस ठेवत, देवदर्शन ठेवत, कुणी क्रिकेटची मॅच ठेवी. अण्णांनी पहिल्या संध्याकाळी प्रवेशाचा फॉर्म भरतानाची वेळ निवडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईला विचारलं नाही. आई चहा घेऊन तशीच उभी राहिली.

"काय झालं?" अण्णा म्हणाले.

"काय न्हाय. प्रश्नाची वाट बघत होते."

कॉलेज कोल्हापुरातलं. तिथल्या विभागप्रमुखांनी, प्रा. देशिंगे सरांनी, डॉ. मुल्लांना फोनवर घेऊन स्पष्टच विचारलं, "मॅडम, त्या यंत्रात पुस्तक भरता येतं का? नाहीतर परीक्षेला अर्थ राहणार नाही."

"नाही. यांनी जे ऐकलं, समजून घेतलं, त्याचाच नमुना तयार होतो. न समजता ऐकलं तर न समजल्याचीच आठवण राहील."

"म्हणजे आमच्या बाकीच्या विद्यार्थ्यांसारखंच," देशिंगे सर म्हणाले, आणि सही केली.

पण तासाभराचं व्याख्यान बावीस मिनिटांत मावत नाही. पहिल्या महिन्यात अण्णा प्रत्येक विषयाची सुरुवातच तेवढी ठेवू शकले. मग एके दिवशी मी त्यांना धडा वाचून दाखवत असताना त्यांनी मला थांबवलं.

"एवढंच सांग. एक परिच्छेद."

मी वाचला. त्यांनी तो आपल्या शब्दांत परत म्हटला. एका ठिकाणी चुकले. मी सांगितलं. परत म्हटला.

"बरोबर," मी म्हणाले.

"आता फक्त हे शेवटचं म्हणणं ठेवायचं. वेळ लिही."

परिच्छेद समजायला अर्धा तास लागला असेल, पण समजल्यावर तो म्हणायला त्यांना चाळीस सेकंद लागले. ठेवायचे ते चाळीस सेकंद. असं करत अख्खा धडा वीस-बावीस मिनिटांत बसू लागला. डॉ. मुल्लांना हे कळलं तेव्हा त्यांनी सगळ्या पेशंटना ही पद्धत शिकवायला घेतली आणि अण्णांना विचारलं, ही तुम्हाला सुचली कशी. अण्णा म्हणाले, "मला न्हाय सुचली. खांबावर चढणाऱ्या प्रत्येकाला येते."

तीन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांत करायची परवानगी त्यांना मिळाली होती. पहिल्या वर्षी त्यांना अठ्ठावन्न टक्के पडले. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर माझं लग्न झालं. लग्नाच्या दिवशी हॉलवर जाण्याआधी, सकाळी सहा ते साडेसात, त्यांनी आईकडून ट्रान्सफॉर्मरचा धडा वाचून घेतला होता. संध्याकाळी त्यांनी तो ठेवला. हे मला मांडवपरतणीला आले तेव्हा वही चाळताना कळलं. मी वही मिटून जागेवर ठेवली. आमच्या घरात बोलून दाखवायची पद्धत आईची, माझी नाही.

दीड वर्षानं बाळंतपणाला माहेरी आले. शमिका झाली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं, आणि त्यानंतर दोन दिवसांनी अण्णांचा पेपर होता, वीजयंत्रणेच्या संरक्षणाचा. मी खोलीत अडकलेली, त्यामुळे तेव्हा वाचनाचं काम आईकडे होतं. आई सातवी शिकलेली. पुस्तकातले इंग्रजी शब्द ती एकेक अक्षर लावून वाचे आणि अण्णा ते ओळखत. बारशाच्या सकाळी सात ते अकरा, अंगणात पाहुण्यांच्या चपला वाढत असताना, ती दोघं मागच्या पडवीत अंतर रिलेचा धडा करत बसली होती. तारेवर बिघाड किती लांब आहे हे ओळखून लाइन तोडणारं ते यंत्र.

दुपारी अण्णांनी शमिकाला मांडीवर घेतलं. बराच वेळ घेतलं. ती त्यांच्या तुटक्या बोटांच्या जागी मूठ अडकवून झोपली, आणि ते हलले नाहीत. पाहुणे जेवायला बोलवायला आले तरी हलले नाहीत.

संध्याकाळी वहीत टिक होती धड्यापुढे, तो शेवटी सलग परत म्हटला त्या वेळेपुढे. अकरा पाच ते अकरा सत्तावीस. बाळापुढे काही नव्हतं.

मी टॅबलेट हातात घेतला तेव्हा काही ठरवलं नव्हतं. वेळेच्या रकान्यात तीन पाच ते तीन सत्तावीस घातलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी माझ्याकडे पाहत अंगठा लावला, आकड्यांकडे न पाहता. मी माझा लावला. वहीला मी हात लावला नाही. ते बसले, डोळे मिटले, आणि काही वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला वाटलं की मी योग्य केलं.

सकाळी ते माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. "तिची नखं लई बारीक हाईत," म्हणाले. मग आत येऊन हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं, "स्नेहल, हे मी ठेवलेलं न्हाय. वही बघितली मी. आपोआप राहिलं."

फार तीव्र अनुभव कधी कधी यंत्राशिवायही मागे राहू शकतो, असं डॉ. मुल्ला एकदा म्हणाल्या होत्या. अण्णांना वाटलं, आपला मेंदू सुधारतोय. दोन दिवस ते त्या आनंदात होते. आईला दोनदा म्हणाले, "बघ, तुझ्या नातीनं वाट उघडली." मी खोलीत पडून ऐकत होते, आणि सांगण्याचं धाडस दर तासाला कमी होत गेलं.

पेपरला आई त्यांच्यासोबत गेली. दुपारी परत आले ते, पेपर सुटताच नोंद केलेली वही घेऊन, थेट माझ्या कॉटसमोर खुर्चीवर बसले.

"अकरा पाच ते अकरा सत्तावीस. टिक हाय. अक्षर माझं हाय. आणि आत काय न्हाय," ते म्हणाले. "सोळा मार्कांचा प्रश्न होता. मी हात घातला तर तिथं जागाच मोकळी."

"विसरला असाल," आई म्हणाली.

"ठेवलेलं मी विसरत न्हाय."

"अण्णा, मी बदललं," मी म्हणाले.

आई मध्येच म्हणाली, "काय बदललंस?" मी सांगितलं. शमिका झोपली होती. आई खाली बसली.

"चार तास वाचला ग मी तो धडा," ती म्हणाली. "जीभ दुखली माझी."

अण्णांनी वहीत बारशाच्या दिवसाचं पान काढलं. मग म्हणाले, "म्हंजे पोरगी आपोआप राहिली नव्हती."

"नाही."

ते त्यांना आधी लागलं. पेपरचं नंतर. मला तोपर्यंत दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर आशा इतकी व्यवस्थित घडी घालून बाजूला ठेवलेली दिसली नव्हती.

"रजिस्टरात लाइन बंद, आणि हात लावला तर चालू," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा झालं हे माझ्यासंगं. पहिल्या वेळी कुणी मुद्दाम केलं नव्हतं."

मला रडू आलं आणि रडताना माणूस जे बोलतो ते मी बोलले. "तुम्ही माझं लग्न ठेवलं नाहीत. हिलाही ठेवणार नव्हता. आमचं काहीच नको का तुम्हाला?"

"तुझं लग्न मला ठाऊक हाय. जिलेबी कमी पडली. जावयाचा फेटा सारखा घसरत होता. तुझ्यापेक्षा तुझी आई जास्त रडली."

"मी जास्त न्हाय रडले," आई म्हणाली.

"ते आईनं सांगितलंय तुम्हाला," मी म्हणाले.

"सांगितलंच की. दुसऱ्या दिवशी बसवून सांगून घेतलं. दोन मिनिटांत बसलं, ती दोन मिनिटं ठेवली." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "तुमचं जे काय हाय ते मला सांगाय तुम्ही हाय. बारसं तू सांगशील, ती कशी झोपली ते तुझी आई सांगेल, तिखटमीठ लावून सांगेल. अंतर रिले मला कोण सांगणार? ते माझं मलाच ठेवाय पायजे. मला वाटलं होतं तुला हे कळतंय."

मला कळलं नव्हतं. मला वाटत होतं की ते आम्हाला वगळत होते. ते आमच्यावर सोपवत होते.

"परमिट माझं होतं," ते उठताना म्हणाले. "तू परत केलंस."

त्या संध्याकाळी त्यांनी हे बोलणं ठेवलं. सहा मार्कांनी ते त्या पेपरात नापास झाले. त्यांनी डॉ. मुल्लांना फोन करून माझा अंगठा काढायला लावला आणि फक्त आईचा ठेवला. आई म्हणाली, "मी बाई आकड्यांकडं बघणारबी न्हाय." बघत नसे. डोळे मिटून अंगठा लावायची.

सव्वा महिन्यानं मी सांगलीला सासरी परत आले. महिना-दीड महिना अण्णा माझ्याशी फोनवर शमिकापुरतं बोलत. मग एका रविवारी सकाळी फोन आला.

"पुस्तक हाय का तुझ्याकडं? संरक्षणाचं."

"आहे."

"धडा सात. तूच वाच."

मी वाचायला लागले. एका हातात पुस्तक, मांडीवर शमिका. ती पान उलटलं की दचकत होती. तिकडून अण्णा एकेक परिच्छेद परत म्हणत होते, आणि आई मागून कुणाला तरी सांगत होती की हळू बोला, परीक्षा हाय. पहिल्या परिच्छेदाला मी "बरोबर" म्हणाले तेव्हा ते थांबले.

"न्हाय बरोबर. मी एक शब्द गाळला. मुद्दाम. नीट ऐक."

त्यानंतर मी नीट ऐकलं. पुन्हा दिलेल्या परीक्षेत त्या विषयात ते कॉलेजात पहिले आले. एकोणऐंशी मार्क. हा निकाल ऐकतानाची तीन मिनिटं त्यांनी ठेवली, कारण, ते म्हणाले, हे सांगायला मी गेलो तर लोकांना बढाई वाटेल, म्हणून निदान मला तरी पक्कं माहीत असू दे.

शेवटच्या वर्षी त्यांनी जो प्रकल्प केला तो साधा होता. ट्रान्सफॉर्मरला लावायची एक पेटी. उपकेंद्राकडून लाइन बंद झाली आणि तरीही घरांकडून उलटी वीज येऊ लागली, की ती पेटी जोरात वाजे, आणि खांबाच्या पायथ्याशी उभ्या माणसाला ऐकू जाई. पेटीतले भाग कुठल्याही तालुक्याच्या बाजारात मिळणारे होते. काही ट्रान्सफॉर्मरवर ती बसली आणि लाइनमन तिला शिट्टी म्हणू लागले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक होते. त्यांनी प्रकल्प पाहिला, आकृत्या पाहिल्या, प्रश्न विचारले, उत्तरं मिळाली. मग त्यांनी चष्मा काढला. देशिंगे सर तिथं बसलेले होते, पुढचं त्यांनीच आम्हाला सांगितलं.

परीक्षक म्हणाले, "लोहार, राग मानू नका. तुम्हाला आज सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. उद्या तुमच्या शब्दावर एखादी लाइन चालू-बंद करायची, तर आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

अण्णांनी खिशातून वही काढली. "पोहे, सर. सात चाळीसला. लिहिलेलं हाय." मग म्हणाले, "आणि लाइनवर आठवणीवर कुणीच चढत न्हाय, सर. चढला तर तो माझ्यासारखा खाली येतो. आम्ही लिहिलेलं वाचून चढतो, परत म्हणून चढतो, आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग लावून चढतो. ज्याला स्वतःच्या आठवणीची खात्री हाय, त्याला मी माझ्या खांबावर चढू देणार न्हाय."

परीक्षकांनी चष्मा परत घातला आणि मार्क लिहिले. प्रथम वर्ग मिळाला.

पदवीदान समारंभ जानेवारीत झाला. त्या दिवसाचं मी असं सांगते. सभागृहात एका बाजूला पालक बसलेले, दुसऱ्या बाजूला विद्यार्थी, आणि काळ्या झग्यांतल्या त्या पोरांमध्ये अण्णा, पांढऱ्या मिशीचे. आईनं नवीन काठपदराचं नेसलं होतं आणि पायात चप्पल लागत होती म्हणून ती हातात घेतली होती. मागच्या चार रांगांत लाइनमन होते, राधानगरी, भुदरगड, गगनबावडा, मिळेल त्या गाडीनं आलेले, कामाच्याच कपड्यांत, कारण दुपारची पाळी होती. नाव पुकारलं गेलं. सर्जेराव दादू लोहार, विद्युत अभियांत्रिकी, प्रथम वर्ग. अण्णा पायऱ्या चढले. आणि मागच्या चार रांगा उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारल्या. सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, कृपया शांतता राखा. कुणी राखली नाही. कुलगुरूंनी अण्णांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, ज्याची दोन बोटं नाहीत तो, आणि फोटोवाल्याला थांबायची खूण केली.

त्या संध्याकाळी घरी आईनं टॅबलेट आणला. मला वाटलं की आज तरी हे ठेवतील. अण्णांनी वही वाचली आणि दुपारची वेळ घातली. समारंभानंतर बाहेर चहाच्या गाडीपाशी ते लाइनमनशी बोलत उभे होते, ती बावीस मिनिटं. दाजीपूरच्या बाजूला वानरं पेटीचं झाकण उघडतात आणि आत पाणी जातं, अशी तक्रार होती. कुठल्या खांबांवर, किती वेळा, झाकणाची कडी कशी आहे, सगळं त्यांनी विचारून घेतलं होतं.

"आणि पदवी?" मी म्हणाले. "दोन मिनिटं तरी. मी सांगते, तुम्ही ऐका, ते ठेवा."

"नको. ते ठेवलं की मला ठाऊक झालं. मग तू सांगायला लागलीस की मी म्हणणार, माहीत हाय." ते माझ्याकडे बघून हसले. "तू येशील तवा सांग. दर वेळी नवीन ऐकतो."

आपण पास झालो हे त्यांना माहीत असे. समारंभ माहीत नसे. पुढची चार वर्षं मी महिन्यातून एक-दोनदा घरी जाई आणि चहा झाला की ते विचारत, "मला पदवी दिली तवा काय झालं ग?" मी सांगे. दर वेळी त्यांच्या चेहऱ्यावर ते पहिल्यांदाच घडे. शिट्ट्यांपाशी ते मान खाली घालत, आणि वर पाहत तेव्हा डोळे भरलेले असत. दर वेळी ते काहीतरी निराळं विचारत. आईच्या साडीचा रंग काय होता. पायऱ्या किती होत्या. झगा लांब होत होता का. मी नव्यानं विचारून विचारून माहिती गोळा केली, आईकडून, लाइनमनकडून, देशिंगे सरांकडून. मी इतकं वाचलं आहे, मराठीची शिक्षिका म्हणून वर्गात इतकं शिकवलं आहे, पण कुठलीही गोष्ट मी एवढ्या अभिमानानं आणि इतक्या वेळा सांगितलेली नाही.

आता अशा दोनशेच्या वर पेट्या त्या डोंगरात आहेत. नव्या झाकणांना वानरांना उघडता न येणारी कडी आहे.

अण्णा गेले त्याला पाच महिने झाले. हृदय अपघातापासूनच अशक्त होतं. शेवटचा आठवडा ते मिरजेला डॉ. मुल्लांच्या दवाखान्यात होते. डॉक्टरांनी दुवा बंद केला होता, शरीराला तेवढाही ताण नको म्हणून. एका सकाळी मी त्यांना पेज भरवली. खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "मला पदवी दिली तवा काय झालं ग?"

मी सांगायला लागले. सभागृह, झगे, आईची चप्पल, मागच्या चार रांगा. शिट्ट्यांपर्यंत आले आणि त्यांनी मला थांबवलं. इतक्या वर्षांत न विचारलेलं एक त्यांनी विचारलं.

"आणि तू कुठं बसली होतीस?"

मी वाटी खाली ठेवली. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, आईला माहीत होतं तेवढंच.

"मी आत नव्हते, अण्णा," मी म्हणाले. "शमिका रडायला लागली म्हणून तिला घेऊन बाहेर गेले. परत दारापाशी आले तोवर तुम्ही खाली उतरला होता. शिट्ट्या मी बाहेरून ऐकल्या. बाकीचं मला सगळ्यांनी सांगितलंय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलल्या.

"म्हंजे आपण दोघंबी तिथं नव्हतो की," ते म्हणाले, आणि त्यांना इतकं हसू आलं की नर्स दारातून डोकावली. खोकला आला, मी पाणी दिलं, त्यांनी घोटभर घेतलं आणि उशीवर मान टेकली. हसू चेहऱ्यावर होतंच.

"सांग पुढं," ते म्हणाले. "शिट्ट्या कुणी कुणी मारल्या?"

मी एकेकाचं नाव सांगत गेले.